जॉब बेचाळीस

मामा, आधी एक गोष्ट नोंदवून ठेवते. तुझा कॉम्प्युटर मी बंद केला.

सोमवारी सकाळी तुला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. बुवापाड्यातली तुझी पुढची खोली दहा बाय बारा. तुला ठेवायला जागा करायची तर टेबल हलवणं भाग होतं. मामी म्हणाली, "टेबल काढ." मी खाली वाकले, इन्व्हर्टरला लावलेली वायर ओढली आणि कॉम्प्युटरचा डबा उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. वायर ओढताना आतला पंखा घरघरत थांबला, तो आवाज मला ऐकू आला. मॉनिटर बंद होता म्हणून सगळंच बंद आहे असं मी धरून चालले. वास्तविक तू मॉनिटर बंद ठेवून डबा दिवसरात्र चालू ठेवतोस, हे मला माहीत होतं.

तुला माहीत असलेलंच आता थोडं लिहिते, कारण हे तू एकटा वाचणार नाहीस.

आपल्या वस्तीत कुणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात त्या माणसाचा जीवनपट वाचला जातो. बुवापाड्यात तो तू लिहायचास आणि तूच वाचायचास. कारखान्यात लेथवर उभा राहून हयात काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर टायपिंगच्या क्लासला मुलींच्या शेजारी बसला, उल्हासनगरहून जुळवलेला कॉम्प्युटर घेऊन आला आणि लोकांचे जीवनपट टाइप करायला लागला. प्रत्येकाला तू जॉब म्हणायचास. लेथवर चढवलेल्या तुकड्याला म्हणतात तसं. फाईलला नाव नाही, नंबर. जॉब एक, जॉब दोन. तू गेलास तेव्हा एकेचाळीस झाले होते.

त्या एकेचाळीसांत एकही जन्मतारीख नाही. यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी जिल्हा पानावर उपसंपादक आहे, माझं अर्धं आयुष्य वय, गाव आणि नातेवाईक तपासण्यात गेलं. "वय तरी लिही," मी म्हणाले होते. तू म्हणालास, "वय सगळ्यांनाच असतं. बातमीदार, तू मला असं काहीतरी सांग जे त्या एकट्याचंच होतं." मी बातमीदार नाही, उपसंपादक आहे, हे तुला शंभरदा सांगितलं. तू मला शेवटपर्यंत बातमीदारच म्हणालास.

पण तू लिहायचास ते लोकांच्या लक्षात राहायचं, हेही नोंदवते. त्या एसटीच्या कंडक्टरबद्दल तू लिहिलं होतंस की ते स्वतःच्या घरी आल्यावरसुद्धा आधी सगळ्यांना आत जाऊ द्यायचे आणि मग शेवटी आपण शिरायचे. विहारात त्यांची बायको तोवर रडली नव्हती. त्या वाक्याला हसली आणि मग रडली. माझ्या पानावर त्यांचं निधन चार ओळींत आलं होतं. चारही ओळी बरोबर होत्या.

आई गेली तेव्हा मात्र तुझा हात चालला नाही. माझी आई, तुझी अक्का. पुण्यानुमोदन तिच्या माहेरी, बुवापाड्यातच होतं. आदल्या संध्याकाळी मामीचा फोन आला, "ह्यांच्याच्यानं होत नाहीये. तूच काहीतरी लिही." मी वीस मिनिटांत दीडशे शब्द लिहिले. जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये, आजार, निधन. तू ते विहारात उभं राहून वाचलंस, एकही शब्द न बदलता. नंतर चहाच्या वेळी कपाकडे बघत म्हणालास, "बातमी चांगली झाली. बाई कुठंय त्यात?"

मी म्हणाले, "तुला जमलं नाही म्हणून मला लिहावं लागलं. माझ्या बातमीत एक तरी चूक दाखव."

पुढचे सहा महिने आपण बोललो नाही. मग मामीकरवी निरोप आला. "सांग तिला, अक्काचा जॉब मशीनवर घेतलाय."

ही अकरा महिन्यांपूर्वीची गोष्ट.

आता तुझ्या चुकीबद्दल. ती फक्त तुझ्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. तू अक्काची फाईल एकदाही सेव्ह केली नाहीस. मी एकदा घरी आले होते तेव्हा पाहिलं, वर नुसतं डॉक्युमेंट एक असं लिहिलेलं. मी म्हणाले, "मामा, सेव्ह कर, नाहीतर जाईल." तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुला चोरी करायला सांगितली. "सेव्ह म्हणजे जॉब पास झाला. पास झाला की स्टोअरमध्ये जमा करायचा. अपुरा जॉब स्टोअरमध्ये टाकतात का कधी? अपुरा जॉब मशीनवर राहतो. शिफ्ट संपली तर पुढच्याला सांगून जायचं, हात लावू नको म्हणून." म्हणून तुझं मशीन अकरा महिने चालू होतं. लोडशेडिंगसाठी तू बॅटरी बसवून घेतलीस. दोनदा ती बॅटरी उतरली, तरी पुन्हा चालू केल्यावर फाईल आपोआप समोर आली, त्यामुळे तुझी खात्रीच पटली. "बघ. मशीनला कळतं, काम बाकी आहे ते."

मामी त्या डब्यावर वैतागलेली असायची. "सव्वीस जुलैच्या पुरात पाणी उंबऱ्यावर आलं, तेव्हा ह्यांनी आधी डबा माळ्यावर चढवला. मला म्हणाले, तू थांब जरा." ही गोष्ट ती तुझ्यासमोर सांगायची आणि तू म्हणायचास, "तुला पोहता येत होतं."

मंगळवारी सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी मामीला म्हणाले, रविवारी विहारात वाचायला मामाचं मी लिहिते. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नको."

"का?"

"अक्काचं वाचल्याशिवाय माझं वाचायचं नाही, असं सांगून गेलेत हे. हॉस्पिटलात. दोनदा."

"मामी, गंमतीत म्हणाला असेल."

"गंमत करायचे तेव्हा हसायचे हे. तेव्हा हसले नाहीत." तिनं एक खडा बाजूला काढला. "अक्काचं कुठंय?"

मी गॅलरीकडे बघितलं.

म्हणजे गोष्ट अशी उभी राहिली. ज्या विहारात तू एकेचाळीस माणसांबद्दल उभं राहून बोललास, तिथं तुझ्याबद्दल कुणी बोलणार की नाही, हे त्या डब्यावर अवलंबून होतं. आणि तो डबा मी वायर ओढून बंद केलेला होता.

दुसरी चूक बुधवारची. तीही माझी. डबा आत आणला आणि इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यामुळे सरळ भिंतीतल्या प्लगला लावला. लाइट नव्हती. बटण चालू ठेवून वाट बघत बसले. लाइट आली की पहिली पाच मिनिटं काही लावायचं नाही, हा तुझा नियम. तू तो बटणाच्या शेजारी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला आहेस. लाइट आली. डब्यातून फट्ट असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. मामी स्वयंपाकघरातून आली, डब्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि परत गेली.

गुरुवारी मी डबा घेऊन अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं पाठीमागचं झाकण उघडून आत बघितलं. "मॅडम, टेन्शन नाय. पार्ट बदलतो, डिस्कला फॉरमॅट मारतो, एक्सपी नवीन टाकून देतो. एकदम नव्यासारखा."

"आत एक फाईल आहे."

"गाणी काय? गाणी मी टाकून देतो. जुनी पाहिजे का नवीन?"

मी झाकण लावून डबा परत घेतला. तो मागून म्हणाला, "भीमगीतं पण आहेत, मॅडम." भला माणूस होता. पण त्याच्या हातात मी तो डबा आणखी दहा मिनिटं ठेवला असता, तर आज हे लिहायला बसले नसते.

शुक्रवारी उल्हासनगरला जायचं ठरवलं. तू डबा जिथून जुळवून आणलास त्या हरेशभाईंचं दुकान कॅम्प तीनमध्ये आहे, एवढंच मामीला माहीत होतं. मामीही निघाली. शेजारणी म्हणाल्या, पाच दिवस झाले नाहीत, बाहेर कुठं निघालीस? मामी म्हणाली, "ह्यांचंच काम आहे. घरात बसून होणारेय का?" रिक्षात डबा तिनं मांडीवर घेतला, चादरीत गुंडाळून. विठ्ठलवाडी मागे टाकेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षावाल्याला ओरडत होती.

हरेशभाईंनी चादर बाजूला केली, डबा उलटा केला आणि मागचे स्क्रू बघून चष्मा कपाळावर चढवला.

"ये तो मेरा माल है. बुवापाडा? ह्या चार स्क्रूसाठी एक माणूस तीन वेळा आला होता माझ्याकडे. बोला, हरेशभाई, आटे जुळत नाहीत. मी बोललो, साईं, झाकण बंद होतं ना? बोला, बंद होतं, पण बसत नाही." ते हसायला लागले. "शेवटी कुठून तरी स्वतःच चार स्क्रू आणले. माझ्या समोर बसवले. आणि मला बोलतो, आता हात फिरवून बघा. कुठाय तो?"

"गेले," मामी म्हणाली. "सोमवारी."

हरेशभाईंनी चष्मा खाली घेतला. दुकानात रेडिओ चालू होता, तो बंद केला. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना "भाई, कल आना" म्हणून सांगितलं. मग तुझे चार स्क्रू काढले आणि एका वाटीत नीट वेगळे ठेवले.

निदान करायला त्यांना वेळ लागला नाही. वीज ज्यातून आत जाते तो भाग जळला होता, मुख्य बोर्ड जळला होता. "ते सोडा, ते बाजारात मिळतं. हे बघू." त्यांनी हार्डडिस्क बाहेर काढली, वायर जोडून कानाशी धरली. मग खालच्या हिरव्या पट्टीचा वास घेतला. "फिरत नाय. पण डिस्क मेली नाय, बहनजी. वरचा हा कार्ड जळला. आतल्या प्लेटवर तुमचा माल जसाच्या तसा असेल."

"कार्ड बदलता येतं?"

"येतं. पण सेम टू सेम पाहिजे. कंपनी सेम, मॉडेल सेम, कार्डवरचा नंबर सेम. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर जे आहे ते पण जाईल."

मग त्यांनी मागून एक खोकं ओढून आणलं. त्यात बंद पडलेल्या हार्डडिस्क होत्या, कांदे भरावेत तशा. असली तीन खोकी दुकानात आणि दोन घरी, असं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत जी डिस्क बंद पडली ती त्यांनी फेकली नाही. "बाजूवाले हसतात. बोलतात, हरेश भंगार जमा करतो. हसू देत."

आम्ही तिघांनी खोकी उपसायला घेतली. पहिल्या तासात घोळ व्हायला लागले, तेव्हा मी आमच्या ऑफिसची पद्धत लावली. प्रूफ वाचताना एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवायचं. मामी तुझ्या डिस्कवरचा नंबर वाचायची, मी हातातल्या डिस्कवर बोट फिरवायचे. मामीला वाचता येतं ते आईमुळे, हे मला तोवर कधी आठवलंही नव्हतं. लग्न होऊन बुवापाड्यात आली तेव्हा ती अंगठा लावायची. नणंदेनं तिला पाटी धरायला लावली. एका हातात डिस्क, दुसऱ्या हाताचं बोट आकड्याखाली, मामी एकेक आकडा उच्चारत होती आणि तेव्हा मला ते दिसलं.

शुक्रवारी काही मिळालं नाही. शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. हरेशभाईंनी घरची दोन खोकी आणवून ठेवली होती आणि आमच्यासाठी पापड. "आधी खा. आमच्यात आल्या आल्या पापड-पाणी." दुपारी एकच्या सुमारास मी म्हणाले, "मिळाली." मॉडेल तेच, नंबर तोच. हरेशभाईंनी बघितलं, तेही म्हणाले, "सेम है." त्यांनी पेचकस उचलला.

"थांबा," मामी म्हणाली. "शेवटून तिसरा आकडा बघा. आपला आठ आहे. त्याचा सहा."

आम्ही दोघांनी बघितलं. सहा होता.

हरेशभाई माझ्याकडे वळले. "तू पेपरमध्ये काय काम करते बोलली?"

"चुका काढते."

"बहनजीला ठेव तिकडे. तू घरी बस."

त्यानंतर चाळीसेक मिनिटांनी, पाचव्या खोक्याच्या तळाशी, ती डिस्क मामीच्याच हाताला लागली. या वेळी आम्ही तिघांनी आकडे तीनदा वाचले. कार्ड बदललं, तुझी डिस्क हरेशभाईंच्या मशीनला जोडली. त्यांनी बटण दाबण्याआधी भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले. मामीनं तुझ्या डिस्कवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "फिरतंय."

आत तुझा फोल्डर होता. जॉब एक ते जॉब एकेचाळीस, ओळीत. बेचाळीस नव्हता. तो नसणारच होता.

पण माझ्या नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली आहे. आमच्या ऑफिसात रोज कुणाचा तरी कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, आणि न ठेवलेली कॉपी वर्ड कुठं लपवून ठेवतं ते आम्हाला तोंडपाठ असतं. तुझ्या मशीननं दोनदा ज्या जोरावर फाईल परत आणली, तोच हा कोपरा. मी तिथं गेले. एक फाईल होती. तू हॉस्पिटलात दाखल झालास त्या सकाळची.

उघडली तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. हरेशभाईंनी मान हलवली. "गया. करप्ट." मामी खुर्चीत मागे टेकली. मी म्हणाले, "नाही. हा त्याचा फॉन्ट आहे." क्लासमध्ये शिकलेला तुझा तो जुना मराठी फॉन्ट दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नसतो. यावरही आपलं वाजलं होतं. तुझ्याच डिस्कमधून फॉन्ट उचलून तिथं टाकला, फाईल बंद करून पुन्हा उघडली. पहिली ओळ मराठीत होती.

'अक्का चालायची तेव्हा तिच्या चपलेचा आवाज यायचा नाही, बोलायची तेव्हा गल्लीभर यायचा.'

मामी म्हणाली, "हेच. हेच वाच."

दीड पान. अकरा महिन्यांत दीड पान, मामा. मी एका तासात त्याच्या चौपट लिहिते.

त्या दीड पानात सात जागा मोकळ्या होत्या. एक सोडून बाकी ठिकाणी रेघ ओढून पुढं कंसात लिहिलं होतंस, बातमीदाराला विचारणे. अक्का बदलापूरला कोणत्या साली राहायला गेली, बातमीदाराला विचारणे. भाताच्या कोणत्या खाचरापाशी तिनं घर बांधायचा हट्ट धरला, बातमीदाराला विचारणे. वारली तेव्हा पुरतं वय काय, बातमीदाराला विचारणे. वय. तू. मी ती ओळ दोनदा वाचली.

हॉस्पिटलात दाखल होण्याआधीच्या तीन रविवारी तू फोन केला होतास. "जरा येऊन जा. थोडं विचारायचंय." तिन्ही वेळा मी म्हणाले, पुढच्या रविवारी येते. पानाची ड्यूटी होती हे खरं आहे. पण तू पुन्हा त्या दीडशे शब्दांवरून सुनावशील असं मला वाटायचं, हेही खरं आहे. तुला फक्त सन आणि वय हवं होतं. फोनवर का नाही विचारलंस, हा प्रश्न मला रोज पडतो. उत्तर बहुधा असं की तुला मी यायला हवं होतं.

आणि पानाच्या तळाशी, मजकुरापासून वेगळी, एक ओळ. 'बातमीदारानं शिक्षण चौथी लिहिलंय. सातवी. तिला सांगणे, पण चारचौघांत नको.'

मी मामीला विचारलं, हे काय? मामी म्हणाली, "तुला नाही ठाऊक? अक्कानं लग्नाआधी बाहेरून सातवीची परीक्षा दिली होती. पास झाली. पण तुझे बाबा पाचवीवर थांबलेले. बैठकीत थोरल्यांनी ठरवलं, मुलगी चौथी शिकलेली सांगायची. मग तिनं ते जन्मभर चौथीच ठेवलं. तुझ्या मामाला तेवढं माहीत होतं आणि मला."

म्हणजे त्या दिवशी विहारात तू माझा कागद हातात धरून 'शिक्षण चौथी' असं वाचलंस, ते चूक आहे हे माहीत असून. मी तुला म्हणाले होते, माझ्या बातमीत एक तरी चूक दाखव. तू कपाकडे बघत राहिलास.

शनिवारचा उरलेला दिवस मी रेघा भरल्या. सातपैकी सहा मला येत होत्या. त्या भरताना एक लक्षात आलं. तुझ्या वाक्यांत माझे आकडे नेमके बसत होते. त्यासाठी तू जागा तेवढीच सोडली होतीस. घर्षण नाही, फट नाही. आठ बाय आठचा तुकडा आठ बाय आठच्या खाचेत. आपलं भांडण दीड वर्ष चाललं आणि तू इकडे त्यातला माझा अर्धा भाग बसवायची सोय करत होतास.

सातवी रेघ अशी होती. 'अक्कानं विहाराच्या ओट्यावर बायकांना लिहावाचायला शिकवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तीनच बायका आल्या. शेवंताबाई, द्रौपदाबाई आणि ______.' त्यापुढे बातमीदाराला विचारणे असं लिहिलेलं नव्हतं. काहीच लिहिलेलं नव्हतं. मामीला विचारलं. ती म्हणाली, हे तिच्या लग्नाच्या आधीचं. शेवंताबाई आणि द्रौपदाबाई कधीच्याच गेल्या, जॉब सहा आणि जॉब एकोणीस. ही रेघ तुला भरता आली नव्हती आणि मलाही नाही.

रविवारी विहार भरलेला होता. त्रिशरण-पंचशील झालं. तू उभा राहायचास त्या जागी मी उभी राहिले. तू चारचौघांत नको असं लिहिलं होतंस, मामा, पण आमच्याकडे नियम वेगळा आहे. चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती छापायची. मी म्हणाले, "दीड वर्षापूर्वी याच ठिकाणी माझ्या आईविषयी जी माहिती वाचली गेली, त्यात एक चूक होती. ती चूक माझी होती, वाचणाऱ्याची नव्हती. तिचं शिक्षण चौथी नव्हे, सातवी. बाहेरून परीक्षा देऊन."

मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सातवी! आणि आम्हाला चौथी सांगायची!" बायकांत हसू पसरलं. मामी पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

मग मी तुझं दीड पान वाचलं. त्या ओळीपाशी आले तेव्हा रेघ कशी वाचायची ते कळेना. गाळून पुढं जाणं सोपं होतं. मी म्हणाले, "शेवंताबाई, द्रौपदाबाई आणि तिसरी बाई. तिचं नाव लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही."

खांबाजवळ एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, हातात काठी. तिनं काठी जमिनीवर आपटली.

"तिसरी मी. वत्सला."

सगळे तिकडे वळले.

"पर मी शिकाय नव्हते आले. सासूनं धाडलं होतं, जा बघून ये, त्या पोरी ओट्यावर काय करतात. मी दारात उभी. तुझी आई म्हणली, उभी का, बस. म्हणलं, सासूला काय सांगू? तर म्हणली, सांग, बघत होते. रोज बघायला ये." म्हातारीनं चार बोटं वर केली. "चार महिने बघितलं मी. पाचव्या महिन्याला सासूच्या नावाचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं तिला."

मी खिशातून पेन काढलं आणि तिथंच, माईकसमोर, कागदावरच्या रेघेवर लिहिलं. वत्सलाबाई. जागा पुरेशी होती.

कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन म्हणाले, आप्पांवर कुणीच बोललं नाही. तुला वस्तीत सगळे आप्पा म्हणतात, ते या आठवड्यात मी जितक्यांदा ऐकलं तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, बोलायचं आहे, काम चालू आहे. मामी म्हणाली, "सांगितलंय ना तिनं. चहा घ्या."

सोमवारी संध्याकाळी हरेशभाईंनी डबा परत दिला. आत नवा बोर्ड, नवा पॉवर सप्लाय, तुझी डिस्क, आणि बाहेर तुझे चार स्क्रू. मामीनं टेबल जागेवर ओढून घेतलं. मी डबा इन्व्हर्टरला लावला, लाइट आल्यानंतर पाच मिनिटं मोजून. अक्काची फाईल उघडली, वत्सलाबाईंचं नाव घातलं, कंस काढले, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचली. कंसाबाहेर तुझा एक शब्दही हलवला नाही. मग तुझ्या फोल्डरमध्ये सेव्ह केली. जॉब बेचाळीस. पास.

मी दर दोन ओळींनंतर सेव्ह करणारी बाई आहे, तुला माहीत आहे. हे जे तू वाचतो आहेस ते तसं केलेलं नाही. मामीला मी सांगून ठेवलं आहे की मॉनिटर बंद दिसला तरी डब्याला हात लावायचा नाही. शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, सांग, त्रेचाळीस मशीनवर आहे.